श्वासातला धूर

तेंडोलकर डॉक्टर मेलेल्या माणसांशी मालवणीत बोलत. पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा मी पडवीत उभा राहून कॅमेऱ्यात रोल भरत होतो. आतून आवाज आला, "बाय, आता जरा मान वर करतंय हां. दुखूचा नाय." मला वाटलं, आत कुणी पेशंट आहे. डोकावून पाहिलं तर टेबलावर विहिरीतून काढलेली एक बाई होती आणि डॉक्टर तिच्या मानेखाली लाकडाचा ठोकळा सरकवत होते.

रत्नागिरीतून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला, त्यानंतरच्या चार-सहा वर्षांतली ही हकीकत. किनाऱ्यावरच्या आमच्या गावात फोटो स्टुडिओ एकच होता आणि तो माझा होता. लग्नं, बारशी, शाळेचे गटफोटो, मुंबईला नोकरीला निघालेल्यांचे ओळखपत्राचे फोटो, असलं माझं काम. पोलिसांकडे स्वतःचा फोटोग्राफर नव्हता. त्यामुळे तालुक्यात कुणी बुडालं, कुणी लटकलं, कुणी जळालं की हवालदार सायकल मारत यायचा आणि दुकानाच्या पायरीवरूनच म्हणायचा, "आचरेकरांनू, चला." बायको पुढे पंधरा दिवस तो कॅमेरा घरात आणू देत नसे.

सरकारी रुग्णालयाच्या मागे फणसाच्या झाडाखाली चिऱ्यांची एक खोली होती. तिथे डॉक्टर चिरफाड करत. कुडाळकडचा माणूस, चाळिशी ओलांडलेला, बुटका, जाड भिंगांचा चष्मा दोऱ्याने मानेला बांधलेला. त्या खोलीत त्यांचे काही नियम होते आणि ते फौजदारांनाही पाळावे लागत. पहिला म्हणजे उदबत्ती बाहेर. वास मारायला म्हणून पोलीस सगळीकडे उदबत्त्या लावतात. डॉक्टर त्या विझवून खिडकीबाहेर फेकत. पंचांनी नाकाला लावलेला अत्तराचा रुमालसुद्धा खिशात घालायला लावत आणि एकेकाला विचारत, "कसलो वास येता? सांगा. लाजा नको." त्यांना पूर्वी तपकिरीचं व्यसन होतं म्हणे. नाक मरतं म्हणून सोडली. "माझं अर्धं शिक्षण नाकात आहे," असं ते एकदा मला म्हणाले होते, आणि ते गमतीने म्हणाले नव्हते.

माझ्या फोटोंवर मात्र त्यांचा राग. सुरुवातीला मी सवयीने उजेड साधून, कोन धरून फोटो काढत असे. त्यांनी पहिल्या खेपेचे फोटो परत पाठवले. वर चिठ्ठी होती, "हे छान आले आहेत. मला छान नकोत." मग एकदा स्वतः दुकानात आले आणि स्टुलावर बसून समजावलं. जळालेल्या जागेत गेल्यावर आधी माणसाचा फोटो काढायचा नाही. आधी जमीन, मग भिंती, मग छप्पर, आणि सगळ्यांत शेवटी माणूस. प्रत्येक फोटोत त्यांची शाळकरी लाकडी फूटपट्टी ठेवायची. "लोक आधी माणूस बघतात," ते म्हणाले, "आणि मग त्यांना बाकी काही दिसेनासं होतं."

त्यांच्या घरी मी दोन-तीनदा जेवलो असेन. भाकरीवर कुठे काळा डाग असला की ते सुरीने खरवडून काढत. बायको म्हणायची, "अहो, चुलीवरची भाकरी, थोडी करपणारच." ते खरवडत राहत.

आग म्हणजे पुरावा गेला, अशी आम्हा सगळ्यांची समजूत. डॉक्टर म्हणत, आग उघड्यावरचं जाळते. जे मिटलेलं असतं ते राहतं. मिटलेली मूठ, काखेतली कातडी, अंगाखाली दबलेली जमीन, गळ्याच्या आतली नळी. यातली नळी सगळ्यांत महत्त्वाची. माणूस पेटलेल्या घरात जिवंत असेल तर तो श्वास घेणार. श्वास घेतला की धूर आत जाणार आणि काजळी नळीला चिकटणार. आग लागायच्या आधीच मेला असेल तर नळी स्वच्छ. ते नळी उभी चिरून तिच्या आत पांढऱ्या कापडाची पट्टी दाबत आणि ती पंचांसमोर धरत. बोलत काहीच नसत. पट्टी काळी आहे की पांढरी, ते पंचांनी सांगायचं.

त्या पट्टीने वाचवलेला एक माणूस मी पाहिला. विश्राम नावाचा. त्याचा थोरला भाऊ माडांच्या बागेत झावळांच्या खोपीत एकटा राहायचा. दोघांमध्ये विहिरीच्या पाण्यावरून जुनं वैर, बोलणं बंद. एका सकाळी खोप जळून गेलेली आणि आत भाऊ. त्याचे दोन्ही हात कोपरांत वाकून वर आलेले, मुठी आवळलेल्या, आणि कवटी तडकलेली. लोकांनी एकदम ताडलं, विश्रामाने डोक्यात घातलं, भावाने झुंज दिली, मग याने खोप पेटवली. डॉक्टर पोचेपर्यंत गावकऱ्यांनी विश्रामाला माडाला बांधून बडवला होता. त्याचा एक डोळा मिटला होता.

डॉक्टरांनी भावाकडे पाहिलं आणि फौजदारांना सांगितलं, "ही झुंज नाही. आगीत स्नायू आखडतात. मेलेला माणूसही असे हात वर करतो. कवटीही उष्णतेने तडकते. काय ते मला आत बघू द्या."

दुपारी त्यांनी पट्टी पंचांसमोर धरली. काळीकुट्ट. कवटीची चीर आगीचीच होती, घावाची नव्हती. रक्ताचा रंग लालभडक, धुराचा वायू आत गेल्यावर होतो तसा. खोपीत बाजेखाली फुटलेली रॉकेलची चिमणी सापडली. भाऊ झोपेत पेटला होता.

चौथ्या दिवशी विश्राम रुग्णालयात आला. डोळा अजून सुजलेला. डॉक्टरांच्या पायांवर डोकं ठेवायला वाकला तर ते मागे सरले.

"डाक्टरांनू, तुमी माका वाचवलात."

"मी नाय. तुझ्या भावान शेवटचो श्वास घेतल्यान, म्हणान तू वाचलंस. तेचे दिवस कर नीट."

विश्राम तिथेच खाली बसला आणि भावासाठी पहिल्यांदा रडला.

सुनंदाचं प्रकरण त्यानंतर वर्षभराने झालं. तिच्या सासरचं आडनाव लिहीत नाही. त्या घरातली नातवंडं आज गावात शिकून सवरून नोकऱ्या करतात, त्यांचा काही दोष नाही. घर प्रतिष्ठित, देवस्थानात मान असलेलं. सुनंदाचं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती. लग्नाचे फोटो मीच काढले होते. फुलांच्या मुंडावळ्या तिच्या डोळ्यांवर येत होत्या आणि ती त्या सारख्या बाजूला करून हसत होती, एवढंच मला तिच्याबद्दल माहीत होतं.

स्टोव्हचा भडका उडाला, असा निरोप आला. एरवी डॉक्टर प्रेताची वाट पाहत रुग्णालयात बसायचे, पण जळालेलं माणूस असलं की ते जागेवर जाण्याचा हट्ट धरत. फौजदार घाटावरचे, मनाने वाईट नव्हते, पण घाईत असत. ते म्हणाले, "डॉक्टर, उघड केस आहे. कशाला त्रास घेता?" डॉक्टर जीपमध्ये मागे जाऊन बसले सुद्धा.

स्वयंपाकघर अंधारं, सारवलेली जमीन. ती चुलीपासून चार हातांवर उताणी होती. मी आधी जमिनीचे फोटो काढले. डॉक्टर स्टोव्हपाशी उकिडवे बसले. टाकी धड होती. कुठे फाटली नव्हती, तडा नव्हता. त्यांनी स्टोव्ह उचलून कानाशी हलवला. आत रॉकेल भरपूर डुचमळलं. मग ते उठून भिंतींकडे पाहू लागले. फळीवरची भांडी जागच्या जागी, ओळीत. दारापाशी पाण्याने भरलेली कळशी, वर तांब्या उपडा. तिच्या हाताच्या अंतरावर गोणपाट पडलं होतं, त्याला धगसुद्धा लागली नव्हती.

"आचरेकरा," ते हळू म्हणाले, "पेटलेला माणूस जागेवर झोपून रवता काय रे?"

मी फूटपट्टी गोणपाटाला लावून ठेवली आणि फोटो काढला.

मग तिला उचललं. पाठीखालचं सारवण जळलं नव्हतं, पण ओलं होतं. डॉक्टरांनी गुडघे टेकून नाक जमिनीला लावलं आणि पंचांनाही तसं करायला लावलं. रॉकेल. स्टोव्ह भडकला असता तर रॉकेल पुढून अंगावर आलं असतं. पाठीखाली, जमिनीत मुरण्याइतकं आलं नसतं. ती आडवी असताना ते ओतलं गेलं होतं. डॉक्टरांनी ते सारवण आणि पाठीखालचा साडीचा तुकडा बरणीत घालून लाखेने मोहोर करायला लावली, मुंबईच्या प्रयोगशाळेसाठी.

बाहेर पडवीत तिची सासू रडत होती. नवरा खांबाला टेकून उभा होता. त्याच्या हातांना भाजल्याची एकही खूण नव्हती. बायको पेटली आणि हा विझवायलाही गेला नाही, एवढं मलासुद्धा कळलं.

दुपारी फणसाखालच्या खोलीत डॉक्टर तिला म्हणाले, "बाय, तुका खूप त्रास झालो. आता शेवटचो." मी जवळ उभा होतो म्हणून मला ऐकू आलं. नळी चिरली. पट्टी आत दाबली, बाहेर काढली. ती जशी गेली तशीच पांढरी बाहेर आली. एक पंच शाळामास्तर होता, तो "पांढरी आहे" असं म्हणाला आणि बाहेर जाऊन ओकला. गळ्याच्या आतलं लहान हाड मोडलेलं होतं आणि मोडलं त्या जागी रक्त साकळलं होतं. मानेमागे अंबाड्याखाली कातडी वाचली होती आणि तिच्यावर बोटभर रुंदीचा वळ होता. तो फोटो मी काढला. माझ्या आयुष्यात मी काढलेला तो सगळ्यांत स्पष्ट फोटो असेल.

चार दिवसांनी त्या घरातला वडीलधारा माणूस, सुनंदाचा चुलतसासरा, रुग्णालयात आला. पांढरं धोतर, काळी टोपी, बोलणं अगदी मऊ. मी फोटो द्यायला गेलो होतो, बाकावर बसलो होतो.

"डाक्टरांनू, चेडू गेला ता गेला. ता काय परत येवचा नाय. आता एक घर कित्याक बुडवतास?"

"मी कोणाक बुडवणंय नाय. माका दिसला ता लिवलंय."

"सगळ्यांकच सगळा दिसता. लिवणारो शाणो आसता."

डॉक्टरांनी टेबलावरचे कागद सारखे केले. मग म्हणाले, "मी एकदा शाणो झालेलंय. जावा तुमी."

तो माणूस नंतर माझ्याही दुकानात आला. त्याने काही मागितलं नाही. भिंतीवरचे फोटो पाहिले, बायकोची, मुलांची नावानिशी चौकशी केली आणि गेला. त्याच संध्याकाळी मी निगेटिव्ह घेऊन डॉक्टरांकडे गेलो आणि म्हणालो, हे तुमच्याकडे ठेवा, मला भीती वाटते. ते हसले नाहीत, रागावले नाहीत. कपाट उघडून पाकीट आत ठेवलं आणि म्हणाले, "भिती वाटूकच व्हयी." मला फार बरं वाटलं.

खटला उभा राहायला दीड वर्ष लागलं. आरोपी दोघे, नवरा आणि सासू. मुंबईचा अहवाल तोवर आला होता. रक्तात धुराचा वायू नाही, सारवणात रॉकेल आहे. डॉक्टरांच्या साक्षीच्या दिवशी मीही साक्षीदार म्हणून गेलो होतो. माझी साक्ष दहा मिनिटांत आटोपली. डॉक्टर पिंजऱ्यात तीन तास उभे होते. बचावाचे वकील हुशार होते, आवाज न चढवता बोलायचे.

"डॉक्टरसाहेब, श्वासनलिकेला तुम्ही फार महत्त्व देता. जळालेल्या प्रत्येक प्रेताची नलिका उघडता?"

"आता उघडतो."

वकिलांनी तो शब्द पकडला. "आता म्हणजे? पूर्वी उघडत नव्हतात?"

सरकारी वकील उठले, पण डॉक्टर आधीच बोलू लागले होते.

"एकदा उघडली नव्हती. चौदा वर्षांपूर्वी. मी नोकरीत नवीन होतो. मुलगी पूर्ण भाजलेली होती. नातेवाईक पाया पडत होते, आणखी कापू नका म्हणत होते. मी बाहेरून पाहिलं आणि लिहिलं, भाजून मृत्यू, अपघात."

वकील हलकेच हसले. "म्हणजे तुमचा तो अहवाल चुकीचा होता, असं तुम्ही शपथेवर सांगताय?"

"तो बरोबर होता की चूक, हे आता कुणालाच सांगता येणार नाही," डॉक्टर म्हणाले. "माझ्यामुळे."

मी समोर बसलो होतो. मला वाटलं, संपलं. या माणसाने स्वतःच्या हाताने खटला बुडवला. आरोपींच्या बाजूची माणसं एकमेकांकडे पाहू लागली. न्यायाधीश मात्र लिहायचे थांबले. त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, "आणि या प्रकरणात?"

"या प्रकरणात मी पाहिलं, साहेब."

न्यायाधीशांनी ते लिहून घेतलं. निकाल दोन महिन्यांनी लागला. नवऱ्याला जन्मठेप झाली, सासू संशयाचा फायदा मिळून सुटली. निकालपत्रात डॉक्टरांची साक्ष विश्वासार्ह मानल्याचा उल्लेख होता, असं सरकारी वकिलांनी सांगितलं. सुनंदाचा बाप निकाल ऐकून कोर्टाच्या आवारात नुसता उभा राहिला. कुणीतरी त्याला पाणी दिलं, तर तो तांब्या हातात धरून तसाच उभा.

परत येताना कणकवली स्टँडवर गाडी बदलायची होती. उपाहारगृहात आम्ही चहा घेतला. मी म्हटलं, "डॉक्टर, जिंकलात." त्यांनी कप खाली ठेवला.

"तिचं नाव शालन," ते म्हणाले. मला आधी कळेना. "त्या पहिल्या मुलीचं. माहेर कुणकेश्वरचं. आई अजून आहे, मी चौकशी केलीय." आमची गाडी लागली, माणसं चढू लागली, तेव्हा त्यांनी विचारलं, "तू येतंस माझ्यावांगडा?"

मला जायचं नव्हतं, हे खरं सांगतो. चौदा वर्षांनी एका म्हातारीच्या दारात जाऊन हे सांगायचं कशाला, असं मी त्यांना म्हटलंही. ते म्हणाले, "कोर्टाक सांगलंय. तिका सांगूक नाय."

मे महिना होता. सकाळच्या एस्टीने गेलो. देवळाच्या अलीकडे उतरून वाळूतून चालत त्यांचं घर. खळ्यात म्हातारी चटईवर सोलं सुकत घालत होती. कोकमाच्या रसाने तिची बोटं लालजांभळी झाली होती. डॉक्टरांनी चपला खळ्याबाहेर काढल्या आणि नाव सांगू लागले, तर ती मान वर न करताच म्हणाली, "वळाखलंय. बसा."

आम्ही पडवीच्या कडेला बसलो. डॉक्टरांनी प्रस्तावना केली नाही.

"आये, तुमच्या शालनचा पोस्टमार्टम मी नीट करूक नाय. गळो उघडून बघूक व्हयो होतो. मी बघूक नाय. तसोच कागद लिवलंय आणि सही केलंय."

तिने चार-सहा सोलं उलटली. "बघला असता तर काय दिसला असता?"

"धूर गेलेलो दिसलो असतो, नायतर नसतो दिसलो. नसतो दिसलो तर कळला असता, ती आगीच्या आधीच गेली. कोणीतरी मारल्यान."

म्हातारीने हात पदराला पुसले. मग म्हणाली, "त्या दिवशी तुमच्या पायार कोण पडला, आठावता?"

"सासरचे होते मां..."

"सासरचे भायर उभे होते. पायार मी पडलंय. माझ्या चेडवाक कापू नको, आधीच किती भाजलाहा, म्हणान मीच सांगलंय."

डॉक्टरांच्या चेहऱ्याकडे पाहून मला कळलं, हे त्यांना खरोखर आठवत नव्हतं. पाय धरलेले हात त्यांना आठवत होते. ते हात कुणाचे, हे त्यांनी मनात कधीच बदलून टाकलं होतं.

"तो दोष तुमचो नाय, आये," ते घाईने म्हणाले. "आवस तसाच सांगतली. नाय म्हणूचा काम माझा होता."

"इतकी वर्सां मी म्हणत होतंय, स्टो भडकलो. जावयाक कधी शिवी दिवक नाय मी. तेचा दुसरा लगीन झाला, थंय मी आशीर्वाद देवक गेलंय. आता मी काय म्हणू?"

वाऱ्याने चटईचं एक टोक उलटलं, ते मी उठून सरळ केलं.

मग तिने तो प्रश्न विचारला. आजही तो मला मधूनच ऐकू येतो.

"माका एक सांगा, डाक्टर. धूर गेलेलो बरो, काय नाय गेलेलो बरो?"

नळीत धूर असता तर शालनला कुणी आधी मारलं नव्हतं, पण ती जिवंतपणी जळाली होती. धूर नसता तर कुणीतरी तिचा जीव घेतला होता, पण जळताना तिला काही कळलं नव्हतं. आईने यातलं काय मागायचं? मला वाटलं, आता तरी या माणसाने खोटं बोलावं. एक वाक्य. तिला काही कळलं नाही, एवढंच म्हणावं. कुणाचं काय जाणार होतं?

"माका ठावक नाय, आये," डॉक्टर म्हणाले.

म्हातारीला राग आला. इतका वेळ न आलेला राग. "मगे तुमी त्या दिवशी बघलात तरी काय?"

डॉक्टरांनी डोळे मिटून घेतले. "पाय बघलंय. तळपायांक आग लागलेली नव्हती. सगळा गेलेला, पण पाय तसेच होते. स्वच्छ. डाव्या टाचेर जुनी खूण होती, कापल्याची. अशी, वाकडी." त्यांनी बोटाने हवेत काढून दाखवली.

म्हातारीचा चेहरा एकाएकी ढासळला. "दर्यार कालवां काडूक इलेली माझ्यावांगडा," ती म्हणाली. "खडपार पाय घसारलो. आठ वर्सांचा होता चेडू. रगत थांबाना, म्हणान मी उचलून आणलंय घराक." तिने लाल बोटं तोंडावर धरली. "माका तिचा कायच दाखवूक नाय कोणी. कापडात गुंडाळून न्हेल्यानी."

ती रडत होती तोवर आम्ही बसून होतो. तिने डॉक्टरांना माफ केलं का, मला माहीत नाही. शेवटी ती उठली, घरात गेली, तांब्याभर पाणी आणून डॉक्टरांच्या पुढ्यात ठेवलं आणि म्हणाली, "पिया आणि जावा. एस्टी चुकतली."

एस्टीत डॉक्टर खिडकीशी बसले होते. देवगड जवळ आलं तेव्हा म्हणाले, "मी माझं ओझं उतरवायला गेलो आणि तिच्या डोक्यावर ठेवून आलो." मी म्हटलं, पायाचं सांगितलंत ते बरं झालं. त्यांनी मान हलवली. हो की नाही, ते मला कळलं नाही.

त्यानंतर ते फार दिवस आमच्याकडे राहिले नाहीत. बदलीचा हुकूम आला, लांब विदर्भाकडे. लोक म्हणत, त्या चुलतसासऱ्याने वरून करवून घेतली. डॉक्टर म्हणत, बदल्या होतातच. पुढे दोन वर्षं नव्या वर्षाचं पत्र यायचं, मग ते थांबलं.

त्यांना शेवटचं पाहिलं ते निघायच्या आदल्या आठवड्यात. किनाऱ्यावर जाळी ठेवायची एक खोप जळाली होती आणि तिच्यात अठरा-एकोणीस वर्षांची एक मुलगी सापडली होती. तिचा बाप खलाशी, काळासावळा, रापलेला माणूस. तो फणसाखालच्या खोलीच्या दारात आडवा बसला होता, कुणाला आत जाऊ देईना. मुलीला हात लावायचा नाही म्हणत होता. फौजदारांनी दोन हवालदारांना खूण केली. तेवढ्यात डॉक्टर आले आणि हवालदारांना म्हणाले, थांबा.

ते त्याच्यासमोर मातीत मांडी घालून बसले, पांढऱ्या पँटसकट.

"तुमचा चेडू आत आसा. मी आत जातलंय आणि सगळा बघतलंय. गळो पण उघडतलंय. तो उघडल्याशिवाय तिका काय झाला ता कोणाक कळूचा नाय, माकाय नाय, तुमकाय नाय. मगे भायर येवन आधी तुमका सांगतलंय. फौजदारांक मागसून."

बापाने त्यांचा हात धरला. नाही म्हणाला नाही आणि हो म्हणाला नाही, नुसता धरून बसला. ऊन चढत होतं. फौजदारांनी दोनदा घड्याळ पाहिलं. मी कॅमेरा गळ्यात घालून झाडाला टेकून उभा होतो. डॉक्टरांनी हात सोडवून घेतला नाही. बहुतेक अर्धा तास झाला असेल. मग त्या बापानेच आपली बोटं एकेक करून सैल केली आणि दारातून बाजूला सरकला. डॉक्टर उठले, कपड्यांवरची माती झटकली नाही, आणि आत गेले.